पडद्यापलीकडचा हात

चामराजपेट, बेंगळूर
मंगळवार, दुपार

प्रिय संहिता,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगते, घरी सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे गेल्या वर्षी या दिवसांत होतं तसं नाही, पण गेल्या आठवड्यात होतं तसं आहे. अप्पांच्या गोळ्या चालू आहेत, माझे गुडघे चालू आहेत, समोरच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओही चालू आहे. तू म्हणशील, आई, एकाच शहरात राहून पत्र कसलं पाठवतेस, फोन उचल की. त्या फोनचंच तर लिहायचंय. आणि मराठीत लिहितेय तेही मुद्दाम. इंग्रजी असलं तर तू वरवर डोळे फिरवून मोकळी होतेस. मराठी तुला अजून अक्षराला अक्षर लावून वाचावं लागतं. तेवढा वेळ तू माझ्यापाशी बसलीस असं मी धरून चालेन.

तू रोज संध्याकाळी फोन करतेस. एक दिवस चुकवत नाहीस. गल्लीतल्या बायकांना त्याचं भारी कौतुक आहे, आजकालच्या मुली कुठे इतकं करतात वगैरे. पण संहिता, त्या फोनवरचा आवाज तुझा नाही. प्रणीत गेल्यापासून तू माझ्याशी एका निराळ्याच आवाजात बोलतेस. हळू, मऊ, मधे मधे थांबून. मी काही म्हटलं की तू 'हं' म्हणतेस, आणि मग विचारतेस, 'तुला तेव्हा कसं वाटलं, आई?' मागे मी तुला सांगितलं की कुकरची रिंग गेली, तर तू म्हणालीस, 'हं. खूप होतंय ना तुला सगळं.' मला कुकरच्या रिंगचं काही होत नव्हतं गं. मला हसू आलं आणि त्याच वेळी फोन भिंतीवर आपटावासा वाटला. पूर्वीची तू असतीस तर म्हणाली असतीस, 'ती रिंग माझ्या वयाची आहे आई, टाक एकदाची.' मग मी चिडले असते, तू आणखी काही बोलली असतीस आणि आपण दोघींनी रागारागाने फोन ठेवला असता. मला ते भांडण हवंय. एक मूल गेलं, ते माझ्या हातातलं नव्हतं. पण दुसरं जितंजागतं असून माझ्याशी परक्यासारखं गोड बोलतंय, ते मला सोसवत नाही. मला माझी मुलगी परत हवी आहे. बाकी या पत्रात काय काय येईल ते येईल, हे एवढं आधी लिहून टाकते.

लहानपणी तू किती रडायचीस, आठवतं? पेन्सिलीचं टोक मोडलं तरी रडायचीस. शाळेच्या बसमध्ये दुसरीच कुणी मुलगी रडताना दिसली तर घरी येऊन तिच्या वाटचं रडायचीस, आणि प्रणीत तुझ्यापुढे बादली आणून ठेवायचा. मी ओरडायचे, इतकं हळवं असून जगात कसं चालेल म्हणून. आणि तो गेला त्या दिवशी तू डोळ्यातून टिपूस काढलं नाहीस. रविवारची सकाळ, येलहंक्याला ऑफिसातली मुलं नेहमीसारखी बॅडमिंटन खेळत होती, हा म्हणाला, स्वल्प थांबा रे, दम लागला, आणि भिंतीला टेकून बसला. तेवढंच. कुणाची चूक नाही, कुणाची हयगय नाही. मला कुणावर तरी दातओठ खायचे होते आणि समोर कुणी नव्हतंच. तू आलीस ती कंबर कसूनच आलीस. आलेल्यांना पाणी दिलंस, भटजींना फोन केलेस, अप्पांना आंघोळीला बसवलंस, मग येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिलीस. सगळे म्हणाले, पोरगी किती धीराची. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू रडलीस की मला रडता येईल, असं मनात धरून बसले होते. आता वाटतं, तूही तेच धरून माझ्या तोंडाकडे बघत होतीस. दोघी एकमेकींसाठी थांबलो, आणि तोवर त्याला घेऊन गेलेसुद्धा.

आपल्या घरात समजूत घालणं हे त्याचं खातं होतं, हे मला तो गेल्यावर कळलं. माझी आई गेली तेव्हाची गोष्ट. मी इथे या खिडकीत कुणाशी न बोलता बसले होते. अप्पा दारातून डोकावून परत फिरत होते. तू मला मिठी मारून माझ्याहून जास्त रडलीस, मग मलाच तुला थोपटावं लागलं. प्रणीत आला आणि त्याने एक शर्ट माझ्या मांडीवर टाकला. म्हणाला, 'गुंडी तुटली, आई, लावून दे, उद्या हाच घालायचाय.' माझं डोकं सणकलं. आजी जाऊन चार दिवस नाही झाले आणि याला गुंडी सुचते! पण सुई घेतली, दोरा ओवला, आणि त्या गुंडीच्या चार भोकांतून दोरा घालता घालता मी जी रडायला लागले ती शर्ट भिजेपर्यंत. तो शेजारी बसून मोबाइल बघत होता. नंतर बरेच दिवसांनी कळलं की गुंडी त्याने स्वतःच ओढून तोडली होती. त्याच्यासाठी रडायचं तर तोच जवळ हवा होता गं. तो नाही, आणि आपल्यात दुसऱ्या कुणाला ते काम येत नाही.

आलेल्या माणसांनाही येत नव्हतं. चामराजपेटेत आपलं घर पिढ्यान्‌पिढ्यांचं, त्यामुळे माणसं कमी पडली नाहीत. एकेकाचं सांत्वन ऐकून मला वाटायचं, याचा कुणीतरी क्लास काढायला हवा. मागच्या गल्लीतले हंबीरराव आले, अप्पांचा हात हातात घेऊन डोळे पुसले, आणि त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनकडे वळले ते जेवायची वेळ टळेपर्यंत तिथेच. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, 'एल्ला सरी होगत्ते अक्का, मगळु इद्दाळल्ला.' सगळं नीट होईल, मुलगी आहे ना! म्हणजे दोन होती, एक गेलं, एक आहे, बरं झालं. एक जण म्हणाली, त्याला त्रास झाला नाही हे किती चांगलं. मी तिला विचारणार होते, तू त्याला विचारलंस का म्हणून. वाईट यातलं कुणीच नव्हतं. सगळ्यांचे डोळे खरेच भरलेले होते. पण भरल्या डोळ्यांनी माणूस वाटेल ते बोलतो, आणि ऐकणाऱ्याला वर 'हो ना' म्हणावं लागतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी दिवसभर 'हो ना, हो ना' करत होते. संध्याकाळी माझी मान दुखायची.

मथुराक्कांचं मात्र तुला ठाऊक नाही, तू तेव्हा आत होतीस. तुझी ही आत्या येलहंक्याला राहते म्हणून प्रणीतजवळ सगळ्यांत आधी पोचली ती तीच. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नाही, मुकाट्याने उठून चालू लागायचं, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अक्का उठल्या, चप्पल पायात सरकवली, आणि जन्माच्या सवयीने माझं नाव घेऊन म्हणाल्या, 'येते गं, क्षमा.' त्यांनी जीभ चावली, गालावर मारून घेतलं, देवाची माफी मागितली, आणि तशाच निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात दोन बस बदलून हजर. म्हणाल्या, 'काय करू, बोलून बसले ना, मग आलं पाहिजे.' आणि निघताना पुन्हा तेच तोंडून गेलं. तेव्हापासून त्या येतच आहेत. थंडीत भिजवलेल्या अवरेकाईच्या दाण्यांचं मोठं पातेलं मधे घेऊन आम्ही सालं काढत बसायचो, आणि त्या सुनेच्या मिक्सरबद्दल तक्रार करायच्या. सून मिक्सर धूत नाही, सून मिक्सर उघडा ठेवते. प्रणीतचं नाव त्या काढत नाहीत. मला त्यांच्यामुळे बरं वाटतं असं नाही, पण त्या असल्या की बरं वाटल्याचं दाखवावं लागत नाही. आता अवरेकाईचा हंगाम सरला, तर चिंचोके काढायला चिंच घेऊन येतात.

आणि माझं तरी काय निराळं आहे? उन्हाळ्यात पलीकडच्या सकवारबाईंचे यजमान गेले. मला वाटलं, आता या कामात मी मुरलेली आहे, मला कळेल काय बोलायचं. जाताना वाटेत मी काय काय बोलायचं नाही ते सगळं मनाशी म्हणत गेले. देवाची इच्छा म्हणायचं नाही. सुटले म्हणायचं नाही. मुलं आहेत ना म्हणायचं नाही. दारात पोचले. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू माझ्यावर हे येऊन गेलंय म्हणून माझ्याकडे काही औषध असणार. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, 'वेळेवर जेवत जा हं.' त्या म्हणाल्या, 'हो ना.' घरी आल्यावर मी मोरीपाशी उभी राहून तोंडाला पदर लावून हसले. इतकं हसले की अप्पा विचारत आले, काय झालं. त्यांना सांगता येईना, आणि नंतर ते हसू नव्हतंच.

अप्पांचं तुला फोनवर कधी बोलले नाही. ते हल्ली दुपारी टीव्हीवर बॅडमिंटन बघतात. जन्मात ज्या माणसाने कधी रॅकेट हातात धरली नाही, तो आवाज बंद करून तासन्‌तास सामने बघतो. एकदा मी विचारलं, कोण जिंकतंय? म्हणाले, 'ते नाही बघत. मधेच दम लागला तर हे लोक थांबतात का, तेवढं बघतोय.' मी त्यांच्याशेजारी जाऊन बसायला हवं होतं. मी आत जाऊन कणीक मळली. एवढा संसार केलेली आम्ही दोन माणसं, आणि एकाचं ओझं दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून घरातल्या घरात अंग चोरून चालतो. ते झोपलेत असं समजून मी हुंदका देते आणि ते जागे आहेत हे मला त्यांच्या श्वासावरून कळतं. मग तुलाच कशाला बोल लावायचा? तरी लावते. तू लेक आहेस, तुला लावणार नाही तर कुणाला.

तुझ्या प्रदर्शनाचं मला पहिल्यांदा हर्षिताने सांगितलं. तुझी ही कॉलेजातली मैत्रीण शेजारच्या गल्लीत आहे म्हणून निदान तुझ्या बातम्या तरी कळतात. तू स्वतः एवढंच म्हणाली होतीस की एक काम चाललंय, लोकांच्या दुःखाबद्दल आहे. लोकांच्या! मग कन्नड पेपरात फोटो आला. एका जुन्या बंगल्यातली रिकामी खोली, मधोमध छतापासून जमिनीपर्यंत पडदा, पडद्याला एक चीर, दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची. ज्याला काही सोसायचंय त्याने अलीकडे बसायचं आणि चिरेतून हात पलीकडे द्यायचा. पलीकडे तू. बोलायचं नाही, दिसायचं नाही. तो हात काढून घेईपर्यंत तू नुसती धरून बसणार. नाव काय, तर 'इल्ले इद्दीनि'. मी इथेच आहे. अप्पांनी फोटो जवळ धरून बघितला, चांगली कल्पना आहे म्हणाले, आणि चष्मा पुसायला निघून गेले. मला खरं तर राग आला. माझी मुलगी सगळ्या बेंगळूरचे हात धरून बसलीय आणि माझ्या वाट्याला फोनवरचा 'हं'. पण रागातसुद्धा कळत होतं, हे तुला कुठून सुचलं ते. त्या दिवसांत आपल्या घरात इतकं बोललं गेलं होतं, की एखाद्याने तोंड बंद ठेवून नुसता हात धरला असता तर चाललं असतं. तू ते ओळखलंस. तू हुशार आहेस, हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नसेल.

तो पडदा फोटोत पांढरा दिसतो, पण तो पांढरा नाही. चिकपेटेत मिळतो तो जाडा मांजरपाट आहे, न धुतलेला, अजून खळीचा वास येतो त्याला. चिरेच्या कडा तू हाताने दुमडून शिवल्या आहेस, आणि तुझे टाके माझ्यासारखेच डावीकडे कलतात. आता तुझ्या लक्षात आलं असेल की यातलं काही फोटोत कळत नाही. हो, मी गेले होते. पदराला रेशमी गोंड्यांचे कुच्चु बांधून झालेल्या साड्या चिकपेटेत दुकानात पोचवल्या, आणि घरी यायच्या ऐवजी मेट्रोने तिकडे गेले. अप्पांना काही बोलले नाही. बाहेर बाकावर रांग होती. माझ्यापुढे गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेला एक जण होता, प्रणीतच्याच वयाचा. तो आत जाऊन आला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं, आणि पायरी उतरता उतरताच तो फोनवर कुणाला तरी जोरजोरात कामाचं सांगायला लागला. दारातल्या मुलीने मला विचारलं, 'आंटी, फर्स्ट टाइम?' जणू मी डोळे तपासायला आलेय. मी मान हलवली. मला सांत्वन नको होतं संहिता. मला तुझा हात धरायचा होता. आई म्हणून धरायला गेले असते तर तू लगेच तो आवाज काढला असतास. म्हणून कुणी तरी परकी बाई होऊन रांगेत बसले.

मी हात दिला, तू धरलास. गार होता. तुझा अंगठा माझ्या बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला, हळू, एका लयीत, आणि मला कळलं की तो सगळ्यांच्या हातावरून असाच फिरतो. तू मला ओळखलं नव्हतंस. दोऱ्याने चरे पडलेली माझी बोटं तुला ओळखू आली नाहीत याचं वाईट वाटायला हवं होतं, पण मला सुटल्यासारखं झालं. मग माझी बोटं तुझ्या बोटांच्या टोकांशी गेली. नखं पार कातडीपर्यंत खाल्लेली. करंगळीच्या कडेला जखम, वर खपली. दहावीच्या परीक्षेनंतर तू नखं खाल्ली नव्हतीस. दिवसभर जगाचे हात धरायचे आणि उठलं की स्वतःचे कुरतडायचे! पुढचं मी ठरवून केलं नाही. तुझा हात चिरेतून माझ्या बाजूला ओढून घेतला, मनगटापासून टोकापर्यंत त्याच्यावरून दोन्ही हात फिरवले, आणि माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा. प्रणीत गेल्यापासून मी कुणाची अलाबला घेतली नव्हती. त्याच्यावरून जन्मभर बोटं मोडली, त्याची इडापीडा मला लागो म्हणून, आणि काय झालं? त्याची टळली नाही, मला लागली नाही. हे खूळ पुन्हा करायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण हात ऐकतात थोडेच. त्या शांत खोलीत तो आवाज केवढा तरी झाला. रांगेतल्या कुणाला तो कसला ते कळलं नसेल, तुला कळला. तुझा हात एकदम ताठ झाला, आणि मग तू तो काढून घेतलास.

मी तशीच बसून राहिले. चीर रिकामी होती. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला नाही, म्हणजे तू तिथेच होतीस, हातभर अंतरावर. मी तुला हाक मारली नाही, तू पडदा बाजूला केला नाहीस. एवढं एक कापड मधे, आणि ते सरकवायचं दोघींपैकी कुणाला जमलं नाही. मग दारातली मुलगी आली, 'स्वल्प कूत्कोळ्ळि आंटी', जरा बसा म्हणत तिने मला बाहेर खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सगळ्यांना सांगितलं की आज आता पुढे होणार नाही. मी मेट्रोने घरी आले, भात लावला. संध्याकाळी तुझा फोन आला. तू विचारलंस, आज काय केलंस. मी म्हटलं, काही नाही, साड्या पोचवल्या. तू म्हणालीस, 'हं.'

काल हर्षिता आली होती. तू प्रदर्शन बंद केलंस म्हणाली. लोकांना मनगट दुखावल्याचं सांगितलंस, पण तिला म्हणालीस की ज्या हाताने मी आईला झिडकारलं तो आता दुसऱ्या कुणाच्या हातात कुठल्या तोंडाने देऊ. बोलता बोलता तू खोलीचं दार लावून घेतलंस, असंही ती म्हणाली. म्हणून हे सगळं लिहायला बसले. तू मला झिडकारलं नाहीस गं. मी तुझी पीडा मागितली आणि तू दिली नाहीस, एवढंच झालं. इतक्या महिन्यांत तू माझ्याशी खरी वागलीस ती तेवढीच एक वेळ. आणि तू दिली असतीस तरी मला ती घेता आली नसती, हेही मला तिथेच त्या रिकाम्या चिरेसमोर बसून कळलं. तुझा भाऊ तुझाच गेलाय आणि माझा मुलगा माझाच. मला वाटायचं, निदान तुझं तरी दुःख मी हलकं करू शकले तर माझ्या जगण्याला काही अर्थ राहील. ते होणार नाही. माझंही तुझ्याच्याने हलकं होणार नाही. प्रदर्शन उघड नाही तर बंद ठेव, माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस. ते रोजचे फोन मात्र थांबव आणि रविवारी घरी ये. मी तुला समजावणार नाही, तूही मला समजावायचं नाही. तू तुझ्या खोलीत दार लावून रडतेस, मी न्हाणीघरात नळ सोडून रडते, ते एका खोलीत बसून रडू. त्याने बरं वाटेल असं मी म्हणत नाही. वाटणार नाही. तरी ये.

तुझीच,
आई